मिलेंच्या चित्रातली टोपली बटाट्यांचीच

शेतात मान खाली घालून उभं असलेलं शेतकरी जोडपं आपल्या मेलेल्या बाळाला पुरतंय, चित्रकाराने आधी शवपेटी रंगवली आणि मग तिची टोपली केली. फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रान्स्वा मिले यांच्या ‘द अँजेलस’ (१८५७-५९) या चित्राबद्दल ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ती खरी नाही.

ही कल्पना स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यांची. या चित्राने त्यांना लहानपणापासून झपाटलं होतं. त्यांच्या आग्रहावरून लूव्र संग्रहालयाने क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा टोपलीपाशी रंगाखाली एक चौकोनी आकार दिसला. बस, एवढंच. तो शवपेटीचा असल्याचा कुठलाही पुरावा नाही. रंगवता रंगवता आकार बदलणं चित्रकारांना नवीन नाही.

खुद्द मिले काय म्हणतात, हे मात्र कुणी सांगत नाही. ते नॉर्मंडीतल्या शेतकरी घरातले. शेतात काम चालू असताना चर्चची घंटा ऐकू आली, की त्यांची आजी सगळ्यांना थांबवून दिवंगतांसाठी ‘अँजेलस’ ही प्रार्थना म्हणायला लावायची. त्या आठवणीतून चित्र सुचल्याचं त्यांनी १८६५ मध्ये सांगितलं आहे.

चित्रातही तेच दिसतं. पुरुषाशेजारी जमिनीत रोवलेलं दाताळं, बाईमागे हातगाडीवर पोती, दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा. हा बटाटे काढणीचा दिवस आहे. बघणाऱ्याला जाणवणारं दुःख खोटं नाही, कारण आजीची ती प्रार्थना गेलेल्या माणसांसाठीच होती. त्यासाठी बाळाची शवपेटी कल्पायची काहीच गरज नाही.