वाचनालयाचे ई-पुस्तक सभासदाच्या मोबाइलवर कसे पोहोचते
(नाशिक परिसरातील वाचनालयांचे ग्रंथपाल आणि कार्यकारी मंडळ यांच्यासाठी)

ई-पुस्तक विकत घेतले म्हणजे ते सगळ्या सभासदांना पाठवता येते, हा समज आधी दूर करू या. छापील प्रत वाचनालयाच्या मालकीची होते. ई-पुस्तकाचा मात्र बहुधा वाचण्याचा परवानाच मिळतो, म्हणून वाचनालयासाठी प्रकाशकाकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो. 'एक प्रत, एका वेळी एक वाचक' ही त्यातली नेहमीची अट. फाइल असूनही सभासदाला नंबर लावावा लागतो तो यामुळेच. सही करण्यापूर्वी मुदत किती, नूतनीकरण केले नाही तर घेतलेली पुस्तके राहतात की जातात, आणि घरी बसून वाचता येते का, हे लेखी घ्या. दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

जुनी पुस्तके स्कॅन करून खुली ठेवायची असतील, तर लेखकाच्या मृत्यूचे वर्ष पाहा. त्यापुढच्या वर्षापासून ६० वर्षे लेखनाचा हक्क (कॉपीराइट) राहतो. कुसुमाग्रज १९९९ साली गेले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. अनुवादकाचा आणि प्रस्तावनाकाराचा हक्क वेगळा मोजावा लागतो, हे हमखास विसरले जाते. आपल्याकडे छापील प्रत असेल तर सार्वजनिक वाचनालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, पण ती सवलत जतनापुरतीच.

स्कॅनिंग ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) करावे, बारीक टाइप असेल तर ४००. छापखान्याची तयार फाइल मिळाली तरी लगेच हुरळून जाऊ नका. जुन्या डीटीपी (संगणकावरील अक्षरजुळणी) फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो. मोबाइलवर त्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि शोध चालत नाही. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात: 'धर्म'चा 'धमर्' होतो. म्हणून मुद्रितशोधन टाळू नये.

पीडीएफ मोबाइलवर सतत सरकवत वाचावी लागते. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइल-प्रकारात अक्षर मोठे करता येते, ज्येष्ठ सभासदांना तेच सोयीचे. कवितासंग्रहात मात्र अक्षर वाढवले की ओळी तुटतात. तिथे पीडीएफच बरी.

'पुस्तक उघडत नाही' अशी तक्रार आली, तर आधी मोबाइलची तारीख तपासा. ती चुकलेली असेल तर मुदत संपल्याचे दाखवले जाते. मग पासवर्ड, मग ॲप.

आम्ही तुमच्या वाचनालयातील पुस्तकांच्या पाहणीला येण्यापूर्वी दाखल नोंदवही (संग्रहात आलेल्या पुस्तकांची नोंद) काढून ठेवावी. प्रकाशनवर्ष नसलेल्या नोंदींवर पेन्सिलने खूण केलीत तर त्या पुस्तकांची हक्कतपासणी आधी हाती घेता येईल.