हातातलं काम काढून घेऊ नका

दिवसकार्य आटोपतं, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि मग बाहेरगावाहून आलेली मुलं निघायच्या आधी घरात एकट्या राहिलेल्या आईला किंवा बाबांना समोर बसवून सांगतात की आता तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही, स्वयंपाकाला बाई लावलीये, लाइटबिल गॅस सगळं आम्ही ऑनलाइन भरू, बँकेचंही आम्ही बघतो, तुम्ही फक्त आराम करा, टीव्ही बघा, नामस्मरण करा. बोलणाऱ्याच्या मनात निव्वळ माया असते, त्याबद्दल शंकाच नाही. पण उतारवयातल्या दुःखावर गेल्या काही दशकांत जो रिसर्च झालाय तो वाचत गेलं की सारखं वाटत राहतं, आपण नेमकं उलटं करतोय. जोडीदार गेला म्हणजे अर्धा दिनक्रम आधीच गेलेला असतो, आणि उरलेला अर्धा आपण प्रेमाने काढून घेतो.

याच्या मुळाशी एक समजूत आहे, की आधी दुःख पूर्ण ओसरू दे, मग माणूस हळूहळू नव्याने जगायला लागेल. दुःखाच्या त्या पाच पायऱ्या तुम्ही ऐकल्या असतील, नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी १९६९ साली शिकागोत त्या मांडल्या, पण त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटच्या, मागे राहिलेल्या नवऱ्या-बायकोच्या नव्हेत. पुढे लोकांनी त्याच पायऱ्या सगळ्या दुःखाला लावल्या आणि मग "अजून तिने स्वीकारलेलं दिसत नाही" असं नातेवाईक एकमेकांत कुजबुजायला लागले. खरं तर बहुतेकांचं दुःख अशा क्रमाने चालतच नाही.

मग मागे राहिलेल्या माणसाच्या डोक्यात होतं तरी काय? याचं मला पटलेलं उत्तर एका उंदरांच्या प्रयोगात आहे. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला एडवर्ड आणि मे-ब्रिट मोझर यांची लॅब आहे, मेंदूत जागेचा नकाशा कसा तयार होतो या कामासाठी त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्यांच्याकडे उंदराला एका खोक्यात सोडायचे, खोक्यात ठरलेल्या जागी एक वस्तू ठेवलेली असायची. मग ती वस्तू उचलून घ्यायची आणि उंदराला पुन्हा खोक्यात सोडायचं. उंदीर त्या रिकाम्या जागेपाशी आला की त्याच्या मेंदूतल्या काही पेशी सक्रिय व्हायच्या, म्हणजे इथे काहीतरी होतं, ते आता नाही, ही नोंद ठेवणाऱ्या वेगळ्या पेशी मेंदूत आहेत, आणि ही नोंद वस्तू काढल्यावर कित्येक दिवस टिकायची. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. अमेरिकेत ॲरिझोनाला मेरी-फ्रान्सेस ओकॉनर या शोकाच्या मेंदूविज्ञानावर काम करतात, त्यांनी याच्या आधाराने असं मांडलं की चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात जोडीदार आपल्या मेंदूच्या नकाशात पक्का नोंदलेला असतो, कुठल्या वेळी कुठे असेल, कधी घरी येईल, सगळं. माणूस जातो पण नकाशा तोच राहतो. म्हणून सकाळी सवयीने दोन कप चहा टाकला जातो, संध्याकाळी लॅचचा आवाज आल्यासारखा वाटतो, आणि बिचाऱ्या बाईला वाटतं आपल्याला भ्रम व्हायला लागलाय. तो भ्रम नाही, मेंदू जुन्या नकाशाने चाललाय. आणि ओकॉनर बाईंच्या मांडणीतला सगळ्यात कामाचा भाग पुढचा आहे: दुःखातून सावरणं हे एक प्रकारचं शिकणं आहे, नुसता वेळ गेल्याने ते होत नाही, त्या वेळात मेंदूला नवे अनुभव मिळावे लागतात, तो माणूस नसताना जगलेले दिवस मिळावे लागतात. आरामखुर्चीत बसवून ठेवलेल्याला ते कुठून मिळणार?

शरीराचंही सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडे तिकडे फार दुर्लक्ष होतं. लंडनच्या कॉलिन मरी पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायको वारलेल्या, ५५ च्या पुढच्या ४,४८६ पुरुषांची नोंद ठेवली होती, तर पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातल्या मृत्यूंचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघालं, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकाराचा होता. हार्ट अटॅकच्या पेशंटवरचा २०१२ चा एक अमेरिकन अभ्यास सांगतो की जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या २४ तासांत अटॅकचा धोका २१ पटीने वाढतो, मग दिवसागणिक उतरत जातो. (२१ पट वाचून घाबरू नका, निरोगी माणसाचा त्या दिवसाचा मूळ धोका इतका बारीक असतो की २१ पट होऊनही तो कमीच राहतो, पण आधीपासून हार्टचा त्रास असेल तर विषय गंभीर आहे.) तेव्हा मुलांनी एक गोष्ट जरूर हातात घ्यावी, पहिले काही आठवडे बीपी-शुगरच्या गोळ्या, झोप आणि दोन वेळचं जेवण. बाकीचं सगळं काढून घ्यायची गरज नाही.

आणि आपण समजतो तितकी म्हातारी माणसं कमकुवत नसतात. अमेरिकेत डेट्रॉइट भागात १५०० वर ज्येष्ठांच्या मुलाखती आधीच, म्हणजे नवरा-बायको दोघं हयात असतानाच घेऊन ठेवल्या होत्या, आणि मग ज्यांचा जोडीदार गेला अशा २०५ जणांचं १८ महिन्यांपर्यंत काय झालं ते जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलं. आधीची अवस्था माहीत असल्यामुळे हा अभ्यास फार मोलाचा आहे. त्यात जवळजवळ निम्मी, ४६ टक्के माणसं डिप्रेशनमध्ये गेलीच नाहीत, ना आधी ना नंतर. त्यांचं प्रेम कमी होतं असं अजिबात नाही, सुरुवातीला आठवणीने तीही व्याकूळ होत होती, पण त्याच दिवसांत भाजी आणत होती, हसतही होती. "बघा, महिनाही झाला नाही आणि हसतेय" म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

आता मुख्य मुद्दा. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या दोघांनी १९९९ मध्ये एक मॉडेल मांडलं, आज शोकावर काम करणारे बरेच लोक तेच धरून चालतात. ते म्हणतात, मागे राहिलेल्या माणसाला एकाच वेळी दोन कामं असतात. एक, गेलेल्या माणसासाठी रडणं, आठवणी काढणं, फोटो बघणं. दुसरं, बदललेल्या आयुष्याची कामं करणं, जी आधी तो माणूस करायचा ती शिकणं, नवी ओळख, नवी माणसं. आणि निरोगी सावरणं म्हणजे या दोन्हींत येरझाऱ्या घालणं, आज इकडे उद्या तिकडे, कधी तासाभरात दोन्हीकडे. पहिलं संपवून दुसरं सुरू करायचं नसतं. नुसतं रडत राहणं त्रासाचं आणि नुसतं कामात बुडवून घेणंही त्रासाचं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या मावशीचे यजमान गेले तेव्हा तिने आयुष्यात कधी बँकेची स्लिप भरलेली नव्हती, सगळं काकाच बघायचे. फॅमिली पेन्शनचा फॉर्म भरायला मुलगा म्हणाला मी भरतो, तू फक्त सही कर, तर ती म्हणाली नको, मीच भरते, तू शेजारी बस. नाव पत्ता नीट लिहिलं, मग "मयत पेन्शनरचे नाव" असा रकाना आला आणि तिचं पेन तिथेच थांबलं, काउंटरसमोरच्या बाकावर बसून ती खूप रडली, कुणी तिला घाई केली नाही. मग पदराने डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला आणि त्या रकान्यात काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात लिहिलं. परत येताना म्हणाली, आता नोव्हेंबरचा हयातीचा दाखला कसा द्यायचा तेही विचारून घ्यायला हवं होतं. स्ट्रोबे आणि शुट यांचं अख्खं मॉडेल त्या एका बाकावर होतं, आणि फॉर्म मुलाने भरला असता तर तिचा तो रकाना राहूनच गेला असता.

सगळ्यांचं असं होत नाही हेही तितकंच खरं. मोठ्या माणसांत साधारण दहातल्या एकाचं दुःख वर्ष उलटलं तरी पहिल्या दिवसाइतकंच तीव्र राहतं, दिवस चालेना, जगण्यात अर्थ वाटेना. याला आता प्रोलॉन्ग्ड ग्रीफ डिसऑर्डर असं निदान आहे, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत ते २०२२ मध्ये आलं, आणि त्यावर उपचारही आहेत. न्यूयॉर्कच्या कॅथरीन शिअर यांनी १६ भेटींची एक थेरपी तयार केलीय, ज्येष्ठांवरच्या त्यांच्या २०१४ च्या चाचणीत या थेरपीने सुमारे ७० टक्के लोकांना गुण आला, डिप्रेशनवरच्या नेहमीच्या समुपदेशनाने ३२ टक्क्यांना. या थेरपीत त्या मृत्यूबद्दल बोलायला लावतातच, पण सुरुवातीच्या भेटींपासूनच स्वतःसाठी काय करावंसं वाटतं, एखादं ध्येय कोणतं, हेही विचारतात. म्हणजे इथेही तीच येरझार. घरात कुणी असं अडकलेलं वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा फोन चोवीस तास फुकट चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता जगण्याच्या उद्देशाबद्दल, कारण लोकांना वाटतं ही कीर्तनातली गोष्ट आहे. शिकागोत रश विद्यापीठाच्या पॅट्रिशिया बॉइल यांनी १,२३८ ज्येष्ठांना जगण्याच्या उद्देशाबद्दल प्रश्न विचारले आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचा स्कोअर वरचा होता त्यांचा मृत्यूचा धोका खालच्या स्कोअरवाल्यांच्या साधारण ५७ टक्केच होता, आणि डिप्रेशन, जुनाट आजार, उत्पन्न वगैरे हिशोबात धरूनही हा संबंध टिकला. कारण-परिणाम यातून सिद्ध होत नाही, आजारी माणसाचा उत्साह आधीच गेलेला असू शकतो. पण त्या प्रश्नांतल्या तीन वाक्यांना हो म्हणण्याचा मृत्यूशी सगळ्यात घट्ट संबंध निघाला, आयुष्यात करायचं ते सगळं करून झालं असं वाटतं, पूर्वी ध्येयं ठरवायचो पण आता ते व्यर्थ वाटतं, आणि माझी रोजची कामं क्षुल्लक वाटतात. "माझं काय आता, सगळं झालंय" हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो आणि त्याला समाधान समजतो, म्हणून मला हा अभ्यास विसरता येत नाही.

मग उद्देश येतो कुठून? छंदातून थोडा येतो, पण अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं ते दुसऱ्याला आपली गरज असणं. बाल्टिमोरमध्ये साठीच्या पुढच्या लोकांना सरकारी प्राथमिक शाळांत आठवड्याला किमान १५ तास मुलांना वाचायला शिकवायला पाठवलं, आणि कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, त्यामुळे तुलना खरीखुरी झाली. दोन वर्षांनी एमआरआयमध्ये, स्मरणशक्तीचा जो भाग वयाबरोबर आक्रसतो तो हिप्पोकॅम्पस घरी राहिलेल्या पुरुषांत आक्रसलेला होता आणि शाळेत जाणाऱ्या पुरुषांत किंचित वाढलेला.

आणि झिम्बाब्वेची गोष्ट तर मी भेटेल त्याला सांगते. सव्वा-दीड कोटी लोकसंख्येच्या त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ हातावर मोजण्याइतके. त्यातले एक, डिक्सन चिबांडा, यांची एक तरुण पेशंट बसभाड्याला पैसे नाहीत म्हणून हॉस्पिटलपर्यंत पोचली नाही आणि तिने आत्महत्या केली. २००६ मध्ये त्यांनी हरारेच्या म्बारे वस्तीत काम सुरू केलं, हाताशी होत्या फक्त १४ आज्या. त्यांना एक साधी बोलण्याची थेरपी शिकवली आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक टाकला. एड्सच्या साथीने त्या देशात घरोघरी कर्ती मुलं नेली आणि नातवंडं आज्यांच्या पदरात टाकली, त्या पिढीतल्या या बायका. समोर येऊन बसलेल्याचं आधी ऐकून घ्यायचं, मग त्याच्या अडचणींतली एकच निवडायची आणि तिच्यावर तो स्वतः काय करू शकेल ते त्याच्याच तोंडून काढायचं. २०१६ मध्ये ५७३ लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांना डिप्रेशनची लक्षणं उरली होती, नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ५० टक्क्यांना. आयुष्यभर जे सोसलं तेच या आज्यांचं क्वालिफिकेशन ठरलं.

आपल्याकडे मात्र एक अडथळा आपणच घालून ठेवलाय. २०११ च्या जनगणनेत देशात ४ कोटींहून जास्त विधवा होत्या, विधुर पुरुषांच्या तिपटीहून जास्त. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, लग्नकार्यात पुढे येऊ द्यायचं नाही. विज्ञानाच्या नजरेने बघा, ज्या घडीला तिला माणसांची आणि जबाबदारीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच घडीला आपण तिला दोन्हींतून बाहेर काढतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायचं परिपत्रक काढलं. मला हा मानसिक आरोग्याचा मोठा निर्णय वाटतो, भले ठरावात तो शब्द नसेल.

घरच्यांनी करण्यासारखं म्हणजे, विरंगुळा देऊ नका, खरं काम द्या, असं की ते झालं नाही तर कुणाचं तरी अडेल. सोसायटीचे हिशोब, कामवाल्या मावशींच्या मुलीचं दहावीचं गणित, वाचनालयाची संध्याकाळची पाळी. परदेशातल्या मुलांनी तर नातवाला व्हिडिओ कॉलवर मराठी वाचायला शिकवायचं काम आजीला सोपवून टाकावं, ठरलेली वेळ, ठरलेलं पुस्तक, गृहपाठासकट. एखाद्या दिवशी ती म्हणेल आज नको रे, आज मला यांची फार आठवण येतेय, तर त्या दिवशी नातवाने आजोबांबद्दलच विचारावं, आणि उद्याचा क्लास ठरल्या वेळेला ठेवावा.