सहायक व्यक्ती (पॉक्सो कायदा)

लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाला तपासापासून खटला संपेपर्यंत सोबत करण्यासाठी जिल्ह्याची बाल कल्याण समिती जिला नेमते ती व्यक्ती. कागदोपत्री नाव ‘सहायक व्यक्ती’. पण समितीच्या कार्यालयात आणि कोर्टाच्या आवारात सगळे ‘सपोर्ट पर्सन’च म्हणतात. मुलांच्या लेखी ती ताई किंवा दादा.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम म्हणजेच पॉक्सो 14 नोव्हेंबर 2012 रोजी लागू झाला. सध्याचे नियम 9 मार्च 2020 पासूनचे आहेत. गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांनी ती 24 तासांच्या आत समितीला कळवायची असते आणि समिती मूल व पालक यांच्या संमतीने माणूस नेमून देते. तो बालहक्कांवर काम करणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता असेल, मूल जिथे राहते त्या बालगृहाचा अधिकारी असेल किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कर्मचारी. त्याच्याशी जुळले नाही तर त्याला बदलण्याची विनंती करता येते आणि मुलाला त्याचे कारण सांगावे लागत नाही. मोठ्यांनी ‘का?’ न विचारता मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे कायद्यात फार थोड्या ठिकाणी लिहिलेले आहे. त्यातले हे एक.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते सांगेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि साध्या वेशात, असा कायदा आहे. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तातडीचे उपचार करण्याआधी डॉक्टरने पोलिसांचे पत्र मागायचे नसते. हे सगळे लिहिलेले असते, पण रात्री नऊ वाजता रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या आईला ते ठाऊक नसते. ते ठाऊक असलेला माणूस शेजारी असणे, एवढ्यासाठीच ही नेमणूक.

तपासाचे दिवस धावपळीचे असतात. त्यानंतरचा काळ मात्र वाट पाहण्याचा. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. नेमकी सहामाही परीक्षेच्या दिवशी तारीख आली तर ते न्यायालयाच्या कानावर घालणे, आरोपीचे नातेवाईक घराभोवती घिरट्या घालत असतील तर तपास अधिकाऱ्याला कळवणे, आणि आज नुसतीच पुढची तारीख मिळाली, त्यात ‘तुझं काही चुकलं नाही’ हे मुलाला समजावणे, अशी कामे सपोर्ट पर्सनच्या वाट्याला येतात.

साक्षीच्या आधी मुलाला मोकळे कोर्ट दाखवून आणण्याची चांगली पद्धत आहे. जज कुठे बसतात, पाणी कुठे मिळते, बाथरूम कुठे, आरोपी दिसू नये म्हणून पडदा कुठे लावतात. वकील थेट मुलाला प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश विचारतात. ‘आठवत नाही’ हेही उत्तर चालते, हे मुलाला सांगता येते. काय बोलायचे ते मात्र अजिबात सांगायचे नाही. ‘हे तुला ताईंनी शिकवलं ना?’ हा उलटतपासणीतला ठरलेला प्रश्न, आणि त्यावर पूर्ण खटला डळमळू शकतो. अशा साक्षीदारांसाठी वेगळ्या खोल्या देशभर असाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले.

हेळसांडीची, म्हणजे मूल उपाशी ठेवणे, मारणे किंवा टाकून देणे, अशी प्रकरणे बाल न्याय अधिनियम, 2015 खाली समितीपुढे येतात. तिथे सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत मागवला जातो. घरी जाऊन, शेजाऱ्यांशी बोलून तो तयार होतो. त्यामुळे शेजारीण काय सांगते याला वजन येते. 

गाव मदत करते तसे गप्पही बसवते. आरोपी बहुतेकदा ओळखीचा, कधी घरातलाच. ‘मुलीचं लग्न व्हायचंय’, ‘बसून मिटवू’ ही वाक्ये पोलिसांच्या आधी घरी पोहोचतात. सरपंचाच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने इथे उभे राहावे, अशी अपेक्षा असते. अनेक गावांत ती फलकापुरतीच उरते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून 1996 साली सुरू झालेली 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन म्हणूनच महत्त्वाची: फोन करणाऱ्याला गावात तोंड दाखवावे लागत नाही. मुलाची ओळख उघड करणे मात्र गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

पैशांचा भागही सोबत करणाऱ्यालाच पाहावा लागतो. अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीची रक्कम समितीच्या शिफारशीवरून मिळते. महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर 2013 पासून अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना आहे. 2017 मध्ये मदतीची कमाल मर्यादा 10 लाख रुपये झाली. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

नियमांत संमतीची अट असली तरी सहायक व्यक्ती हवी की नको, हे पालकांच्या मर्जीवर सोडू नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑगस्ट 2023 रोजी उत्तर प्रदेशातील एका प्रकरणातून उद्भवलेल्या याचिकेत दिले. मानधन शिक्षण आणि अनुभवाला साजेसे असावे, हेही त्याच निकालात आहे.