सायकल कोणाची: हीटरची की बॅटरीची?

पोर्टेबल व्हेपोरायझरची (पदार्थ न जाळता तापवून त्याची वाफ देणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या उपकरणाची) चाचणी करणारा कुणी 'पाचशे सायकल काढल्या' म्हणाला, की आधी विचारावं: कोणाच्या? हीटरच्या की बॅटरीच्या? शब्द एकच असल्यामुळे दोन्ही आकडे बिनदिक्कत एका रकान्यात बसतात.

बॅटरीचा हिशेब सरळ आहे. लिथियम-आयन सेलमधून त्याच्या क्षमतेएवढा चार्ज एकूण बाहेर पडला की एक सायकल झाली. आज निम्मा वापरून भरला, उद्या पुन्हा निम्मा, तर चार्जर दोनदा लावूनही सायकल एकच. अशा साधारण 300 ते 500 सायकलनंतर क्षमता मूळच्या 80 टक्क्यांवर येते. तिथे सेलचं आयुष्य संपलं असं धरायचा प्रघात आहे.

हीटरच्या बाबतीत घोळ जास्त आहे, कारण त्याच्या सायकल दोन प्रकारच्या असतात. 200 अंश गाठले की कंट्रोलर तापमान राखण्यासाठी वीज सेकंदाला कित्येकदा जोडतो आणि तोडतो. या चालू-बंदने तापमान जेमतेम हलतं, त्यामुळे ती मोजून हीटर किती झिजला ते कळत नाही. खरी झीज होते ती गार अवस्थेतून 200 अंशांपर्यंत आणि परत गार होईपर्यंतच्या फेरीत. धातू, सिरॅमिक आणि सोल्डर हे सगळे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि ओढाताण होते ती त्यांच्या जोडांवर. म्हणून हीटरच्या चाचणीत प्रत्येक फेरीनंतर उपकरण खोलीच्या तापमानाजवळ येऊ द्यावं लागतं. झीज किती झाली ते पाहण्यासाठी ठरावीक फेऱ्यांनंतर गार हीटरचा रोध मोजायचा. 120 अंशांवरच पुन्हा बटण दाबलं, तर वहीत फेरी जमा होते, पण 175 अंशांऐवजी चढउतार फक्त 80 अंशांचा झालेला असतो. कंटाळवाणं काम आहे, पण घाईला इथे जागा नाही.

नेमकी हीच घाई बॅटरीचा आकडाही फुगवते. समजा, सेल 3.6 व्होल्ट आणि 3 अँपिअर-तासांचा आहे, म्हणजे जवळपास 10.8 वॅट-तास. तापायला 30 वॅट 30 सेकंद लागले तर 0.25 वॅट-तास गेले. पुढे पाच मिनिटं सरासरी 8 वॅट लागले तर आणखी 0.67. एका वापराला एकूण 0.92, म्हणजे कागदावर 11 वापर. वाटेतला तोटा धरला तर त्याहून कमी. पण वापर एकामागोमाग केले की हीटर आधीच गरम असतो, तापवण्याचा खर्च घटतो. सेलही कोमट झालेला असतो, त्याचा अंतर्गत रोध कमी होतो. मग 12 किंवा 13 वापर निघतात आणि चाचणी करणारा खूश! दिवसातून दोन-तीनदा वापरणाऱ्याला मात्र तेवढे कधीच मिळत नाहीत.

शिवाय 'एका चार्जवर किती वापर' आणि 'सेल किती वर्षं टिकेल' हे प्रश्न वेगळे. पहिल्याचं उत्तर एका दिवसात मिळतं, दुसऱ्याला महिने लागतात.

दोन्ही चाचण्या एकाच उपकरणावर एकत्र उरकल्या तर आणखी एक फसगत होते. सेलची वीज थेट हीटरला जात असेल, तर व्होल्टेज 4.2 वरून 3.3 वर आल्यावर हीटरला मिळणारी शक्ती सुमारे 62 टक्केच उरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. मध्ये बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज वाढवून देणारं सर्किट, असेल तर शक्ती कायम राहते, पण 30 वॅटसाठी करंट 7.1 वरून 9.1 अँपिअरवर जातो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. इतका करंट खेचला की व्होल्टेज अचानक ढासळतं आणि आत चार्ज शिल्लक असतानाही उपकरण 'बॅटरी संपली' म्हणून बंद पडतं.

त्यामुळे शेकडो फेऱ्यांनंतर तापायला वेळ लागू लागला, तर हीटरला लगेच दोष देऊ नये. सेल काढून हीटरला प्रयोगशाळेतल्या स्थिर पॉवर सप्लायवरून पूर्वीइतकंच व्होल्टेज द्यावं. वेळ पूर्ववत झाला तर सेल बदलायचा आणि हीटरची मोजणी तशीच पुढे चालू ठेवायची.