फुटबॉलमधल्या बदलीची (ट्रान्सफरची) रक्कम खेळाडूच्या खिशात जाते का?

‘जर्मन मिडफिल्डर 5 कोटी युरोंना विकला गेला, म्हणजे तेवढे पैसे त्याला मिळाले’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. बातम्यांचे मथळेच असे असतात, की गैरसमज होणं साहजिक आहे.

ही रक्कम नवा क्लब जुन्या क्लबला देतो, करार मुदतीआधी मोडल्याची भरपाई म्हणून. खेळाडूचा पगार आणि बोनस वेगळ्या करारात ठरतात. बदली परदेशात असेल तर 5 टक्के, म्हणजे इथे 25 लाख युरो, त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. त्यात गावातला छोटा क्लबही येतो. मला ही तरतूद फार आवडते. करार संपलेला असेल तर बदलीची रक्कमच नसते.

पडताळायचं असेल तर शेअर बाजारात नोंदलेल्या जर्मन क्लबचा वार्षिक अहवाल उघडा. बदलीचे पैसे क्लबच्या उत्पन्नात दिसतील, पगार खर्चात.