मेंदूचा ‘पडून राहिलेला’ 90 टक्के भाग

‘माणूस मेंदूचा 10 टक्केच भाग वापरतो, उरलेला जागा केला की काहीही जमतं’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण ऊर्जा लागते जवळपास 20 टक्के. झोपेतही त्याचं काम चालूच असतं. पडताळायचंय? सांगलीतल्या मेंदूविकाराच्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा. पक्षाघातात सुपारीएवढा भाग गेला तरी वाचा जाऊ शकते, हात लुळा पडू शकतो. 90 टक्के मेंदू रिकामा असता तर हे इतकं सहज घडलं नसतं.

सरावानं कौशल्य वाढतं, हे खरंच. पण हळदीच्या पेढीवर दिवसभर हिशेब लिहिणाऱ्याला रात्री गाणं, इंग्रजी, शेअर बाजार सगळं झेपत नसेल, तर तो आळशी नव्हे. त्यानं बाकीचं सोडून नुसती बाजाची पेटी शिकायला धरावी, खुशाल.