चौकोनी आस

धक्क्यावर वाळत घातलेलं ट्रॉलरचं, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीचं जाळं पाहिलं की त्याचे आस, म्हणजे विणीतली भोकं, चांगले ऐसपैस वाटतात. बारीक मासळी यातून सहज निसटत असेल, असंच कुणालाही वाटेल. पाण्यात तसं होत नाही. जाळ्याला ओढ बसली की शंकरपाळ्याच्या आकाराचे हे आस लांबट होत मिटतात. शेपटाकडे, जिथे मासळी साठते, तिथे तर ओझं वाढेल तसे आणखी मिटतात. मोजमापाने कायदेशीर असलेलं जाळं अशा वेळी जवळजवळ पिशवीच होऊन जातं.

यावर कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने सुचवलेला उपाय अगदी साधा आहे. शेपटाकडचं जाळं ४५ अंशांत फिरवून जोडायचं. मग प्रत्येक आसाच्या दोन बाजू ओढीला समांतर राहतात, ताण त्याच पेलतात आणि मधलं भोक उघडं राहतं. ४० मिलिमीटरचा असा चौकोनी आस सिंधुदुर्गातल्या ट्रॉलरमालकांपर्यंत नेण्याचे प्रयत्न झाले आहेत. तक्रार ठरलेलीच: बारीक मासळी गेली, म्हणजे डिझेलचे पैसे गेले.

पण हिशेब उलटा आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. पापलेटचा तर मोठ्या नगाला किलोमागे भावही जास्त. शिवाय एकदाही अंडी न घालता जो मासा संपला, त्याची पुढची पिढीच नाही.

मग पावसाळी बंदी कशाला? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवायचा कोळीवाड्यांचा रिवाज या नियमाहून कितीतरी जुना. बंदी हवीच, पण पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं ऑगस्टमध्ये पिल्लंच असतात. बंदीने वाचवलेली मासळी पहिल्याच फेरीत मिटलेल्या जाळ्यात गेली, तर काय साधलं?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०. नियम चांगला आहे, पण पट्टी लागते ती बंदरावर, मासा मेल्यानंतर. त्याचा खरा उपयोग बाजारात: ठरलेल्या आकाराहून लहान पापलेट कुणी घेतलंच नाही, तर ते पकडण्यात अर्थ उरणार नाही.

आता अवघड भाग. यांत्रिक बोटी वाईट आणि पारंपरिक जाळी निर्दोष, अशी वाटणी करायला सोपी जाते. पर्ससीन, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं, आणि मासळीला भुलवणारे एलईडी दिवे यांच्याविरुद्धचा छोट्या मच्छीमारांचा राग रास्तच आहे. पण डोल जाळं पाहा. खुंटांना बांधलेलं हे जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं, मासळीमागे इंजिन लावून धावावं लागत नाही. त्याचा खोला, म्हणजे मासळी साठणारं शेपूट, मात्र बारीक आसाचा, कारण त्यात जवळाही अडकायला हवा. त्याच खोल्यात पापलेटची पिल्लंही येतात. इथे ४० मिलिमीटरचा आस लावला तर जवळा निघून जाईल, आणि सुक्या जवळ्यावर अनेक घरं चालतात.

माझ्या मते डोलीला ट्रॉलरचा नियम लावून चालणार नाही. पिल्लं कुठल्या महिन्यात, कुठल्या खाडीच्या तोंडाशी जास्त येतात हे डोलकरांना ठाऊक असतं. त्यांच्याबरोबर बसून तेवढ्या दिवसांपुरती, तेवढ्याच जागेची बंदी ठरवणं जास्त शहाणपणाचं. आणि त्या दिवसांत बुडणाऱ्या कमाईचं काय, हेही त्याच बैठकीत ठरायला हवं.